ठमाबाईची अर्धी उत्तरे

भाविक हो, कृपादास महाराज एका गावी फार दिवस राहत नसत. पण त्या साली ते पाथरवाडीला आले आणि उपवासाचे चाळीस दिवस संपत आले तरी हलले नाहीत. गावाच्या एका अंगाला बंद पडलेली दगडाची खाण, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध कौलारू प्रार्थनामंदिर. वस्तीतले लोक त्याला साधेपणाने देऊळच म्हणत. महाराजांनी मुक्काम ठोकला तो देवळासमोरच्या बाभळीखाली. अंगात भगवी कफनी, हातात चिपळ्या आणि झोळीत पाने सुटलेले एक शुभवर्तमान, एवढाच त्यांचा संसार. तुम्ही कोणत्या मिशनचे, असे कोणी विचारले की महाराज हसत आणि म्हणत, "प्रभू कोणत्या मिशनचा, ते आधी त्याला विचारून घेतो. मग माझे सांगतो."

हे उत्तर शलमोन मास्तरांना मुळीच आवडले नाही.

शलमोन मास्तर पाथरवाडीच्या मंडळीचे, म्हणजे वस्तीतल्या ख्रिस्ती समाजाचे, पंच. दीक्षा घेतलेले पाळकसाहेब राहत बोरगव्हाणला, अडीच कोसांवर, आणि पाथरवाडीला येत वर्षातून दोनदा, नाताळाला आणि पुनरुत्थानाच्या सणाला. बाकीचे पन्नास रविवार मास्तरांचे. घंटा त्यांची, किल्ली त्यांची, सतरंजी कोणत्या बाजूने झटकायची हेही तेच सांगत. वस्तीत कोणाला शिंक आली तरी मास्तरांना कळवावे लागते, असे लोक पाठीमागे म्हणत. पण खोटे कशाला बोलावे? मास्तर नसते तर त्या देवळात केव्हाच शेळ्या बांधल्या गेल्या असत्या. वस्तीतल्या प्रत्येक माणसाला अक्षरओळख त्यांनी करून दिली होती. पटकीच्या साथीत आठ प्रेते त्यांनी स्वतः खांदा देऊन पोचवली होती. माणूस खरा होता. फक्त आपण खरे आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

पाथरवाडीच्या मंडळीची एक रीत होती, ती आधी सांगितली पाहिजे. विश्वासाची एकशे बारा प्रश्नोत्तरे दर रविवारी थोडी थोडी म्हटली जात. फार पूर्वी, वस्तीत कोणालाच वाचता येत नव्हते तेव्हा, कोणा जुन्या शिक्षकाने सोय म्हणून अशी पद्धत पाडली की प्रश्न मास्तरांनी विचारायचा, उत्तराचा पहिला अर्धा भागही मास्तरांनीच म्हणायचा, आणि उरलेला अर्धा सगळ्या मंडळीने एका सुरात पुरा करायचा. मास्तर म्हणत, "प्रभूने माझी पापे आपल्या अंगावर घेतली." मंडळी म्हणे, "आणि तो मला कधी टाकून जाणार नाही." शिक्षक बदलले, लोक वाचायला शिकले, पण रीत तशीच राहिली.

आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर ही एकशे बारा उत्तरे पंचांपुढे, एकट्याने, उभे राहून, पूर्ण म्हणून दाखवावी लागत. उत्तीर्ण होईल त्याचा बाप्तिस्मा. बाप्तिस्मा होईल तो उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याच्या आत बसेल त्यालाच प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा. नियम साधा आणि सरळ होता, आणि त्या नियमाबाहेर बारा वर्षे बसलेल्या बाईचे नाव ठमाबाई.

ठमाबाई खाणीवरच्या लोकांबरोबर कुठून तरी आली होती. नवरा खाणीतच गेला. खाण बंद पडली, लोक पांगले, ही मागे राहिली. देवळाचे अंगण झाडायची, रांजण भरायची आणि रविवारी बाहेरच्या पायरीवर बसायची. सणाला पाळकसाहेब आले आणि आत ताट फिरू लागले की ती हात पुसून, पदर सावरून अशी बसे की जणू तिच्याकडेही येणार आहे. मग ताट परत मेजावर जाई आणि ती उठून पुन्हा झाडू हातात घेई.

चार वेळा ती परीक्षेला उभी राहिली होती. चारही वेळा एकच प्रकार. मास्तरांनी प्रश्न विचारला की तिच्या घशात गोळा येई, आणि मोठ्या कष्टाने ती काही बोललीच तर उत्तराचे शेपूट तेवढे बाहेर पडे. "प्रभूने तुझ्यासाठी काय केले?" या प्रश्नाला ती म्हणे, "तो मला टाकून जाणार न्हाई."

"ते शेवटचे झाले," मास्तर म्हणत. "आधीचे काय?"

आधीचे काही नाही.

चौथ्या खेपेला मास्तर सर्वांदेखत म्हणाले होते, "ठमाबाई, तू देवाला शेपटाकडून धरतेस. अशाने तो हाती लागायचा नाही." लोक हसले. ठमाबाईही ओशाळून हसली. त्यानंतर मास्तरांनी ठराव केला की कोणालाही परीक्षेला पाच वेळाच बसता येईल. पाचवी हुकली की नाव कायमचे कमी. ठराव सर्वांसाठी होता, पण चारदा बसलेली ठमाबाई एकटीच होती. आणि पाचवी खेप येत्या पुनरुत्थानाच्या सणाच्या सकाळी होती.

अशा वेळी महाराज बाभळीखाली येऊन बसले. ठमाबाई एक दिवस त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्यात काही राहत न्हाई. मग मी त्याची न्हाईच का?"

महाराज म्हणाले, "ठमाई, ज्याने तुला आपली म्हटले त्याने मास्तरांची वही पाहून म्हटलेले नाही. तू त्याचीच आहेस."

मास्तर शाळेच्या खिडकीतून ऐकत होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हा बैरागी मंडळीच मोडायला निघाला आहे, अशी त्यांची खात्री झाली. निदान त्या दिवसापुरती तरी झाली.

कारण दुसऱ्याच दिवशी तिथे देवदान त्रिभुवन गेला. नाताळात ढोलकी कोणी वाजवायची यावरून त्याचे मास्तरांशी वाजले होते, आणि तेव्हापासून त्याने देवळाची पायरी सोडली होती. तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "महाराज, तुमचं म्हणणं मला पटलं. देऊळ, पंच, नियम, हे सगळं थोतांड. मी आता घरीच प्रार्थना करतो."

महाराजांनी विचारले, "घरी तुझे कोणाशी भांडण होते का?"

"छे. एकटाच तर असतो प्रार्थनेला."

"मग क्षमा कोणाला करतोस?"

महाराज म्हणाले, "देवळात जा बाबा. तिथे क्षमा करायला माणसे आहेत."

खिडकीत उभ्या असलेल्या मास्तरांना काय वाटावे तेच कळेना. बैरागी आपल्या बाजूचा निघाला म्हणून आनंद मानावा, तर देवदानाने ज्याला क्षमा करायची तो माणूस कोण, हे उघड होते. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. आणि सकाळी पाहतात तो महाराज ठमाबाईला सांगत आहेत, "परीक्षेला बस. याही वेळी बस."

आता मात्र मास्तरांना राहवेना. ते बाभळीखाली गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "महाराज, तुमचे नक्की काय म्हणणे आहे ते एकदाच सांगा. परवा म्हणालात, बाप्तिस्म्यावाचून ती प्रभूची आहे. आज म्हणता, परीक्षेला बस. माणसाला मंडळी हवी की नको?"

महाराज म्हणाले, "ते ठाऊक असते, मास्तर, तर मी एका गावी घर करून राहिलो नसतो का?"

मास्तरांना वाटले, हा आपली थट्टा करतो आहे. त्यांनी घरी जाऊन पाळकसाहेबांच्या नावे चार पानी तक्रार लिहिली. या कफनीवाल्याने भोळ्या लोकांचा गोंधळ उडवून दिला आहे, सबब याला वस्तीत राहू देऊ नये, असा तिचा मथितार्थ. लिहिताना एक गोष्ट मात्र त्यांना टोचत होती. भोळ्या लोकांचा फारसा गोंधळ उडालेला दिसत नव्हता. ठमाबाई अंगण झाडता झाडता गुणगुणत होती. गोंधळ उडाला होता तो एकट्या शलमोन मास्तरांचा.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते तक्रार घेऊन बोरगव्हाणला निघाले. पाळकसाहेब संध्याकाळी पाथरवाडीला येणारच होते, पण लोकांसमोर बोलण्यापेक्षा आधीच कानावर घालावे, असा मास्तरांचा विचार. महाराज सकाळीच कुठेसे गेल्याचे त्यांना कळले होते, पण कुठे, याची चौकशी त्यांनी केली नाही. ऊन रणरणत होते. सडकेने वळसा पडतो म्हणून त्यांनी खाणीतली वाट धरली. खाण बंद होऊन सात वर्षे झाली होती, गुराख्यांखेरीज तिकडे कोणी फिरकत नसे. चैत्रात तर गवताची काडी नसल्यामुळे गुराखीही नसत.

खाणीच्या काठावरून जाताना पायाखालचा कडा निसटला. मास्तर दोन पुरुष खाली गेले, आणि त्यांच्यामागून एक शिळा आली. ते शुद्धीवर आले तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली शिळेत अडकला होता. रक्त फारसे नव्हते, पण पाय आपला आहे असे वाटत नव्हते. त्यांनी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. वर फक्त एक घार फिरत होती.

दुपार चढत गेली. मास्तरांनी मनाशी म्हटले, बावीस वर्षे दुसऱ्यांना धीर दिला, आता स्वतःला देऊ. आणि सवयीने त्यांनी प्रश्नोत्तरे सुरू केली.

"तुला कोणी निर्माण केले? सर्वसमर्थ देवाने मला मातीतून घडवले..."

मास्तर थांबले. दर रविवारी इथेच थांबत. पुढचे मंडळी म्हणे.

पुढचे काय होते?

त्यांनी दुसरा प्रश्न घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक वेळी जीभ अर्ध्यावर जाऊन उभी राहत होती. या माणसाने ते पुस्तक हजार वेळा वाचले होते, दुसऱ्यांची एक एक चूक पकडली होती, चार वेळा एका विधवेला त्यापायी परत पाठवले होते. आणि आता शिळेखाली पाय अडकलेला असताना त्याच्यापाशी फक्त पहिले अर्धे होते. "प्रभूने माझी पापे आपल्या अंगावर घेतली..." आणि? घेतली आणि काय? पुढे काय केले त्याने?

मास्तर घाबरले. मरणाला म्हणावे तर तसे नाही. मरणे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. भीती निराळीच होती. आपण आयुष्यभर फक्त सुरुवात करून देत आलो की काय, आणि विश्वास जो होता तो समोर बसलेल्यांचा होता की काय, ही ती भीती. आणि लगेच उलटा विचार येई, की हे लोकांना शिकवले कोणी? मीच ना? मग माझ्यापाशी का नाही? डोक्यात नुसता गुंता झाला. एक दोरा ओढावा तर दुसराच आवळे. शेवटी त्यांनी रडत रडत, कोणाला म्हणून न म्हणता, तेच वाक्य पुन्हा म्हटले.

"प्रभूने माझी पापे आपल्या अंगावर घेतली..."

वरून आवाज आला, "आणि तो मला कधी टाकून जाणार न्हाई."

मास्तरांनी मान वर केली. खाणीच्या काठावर ठमाबाईचा चेहरा होता.

"मास्तर," ती म्हणाली, "परीक्षा खाली उतरून द्यायची का इथूनच?"

मास्तरांनी पायाकडे बोट केले. तिलाही मग शिळा दिसली. दहा वर्षे त्याच खाणीत दगड फोडलेली ती बाई. पाय कुठे टेकवायचा आणि कुठे नाही, हे तिला पुरते ठाऊक होते. ती बाजूच्या कडेने सरसर खाली उतरली, शिळेभोवती एक फेरी मारली आणि आधी दगडाच्या चिपा गोळा करून फटीत ठोकल्या, म्हणजे शिळा आणखी खाली बसायला नको. मग म्हणाली, "ही माझ्या एकटीच्यानं हलायची न्हाई. पहार पायजे, चार गडी पायजेत. मी वस्तीवर जाऊन येते."

मास्तरांनी तिचा पदर धरला. "जाऊ नको."

"गेले न्हाई तर माणसं कशी येतील, मास्तर?"

"इथे एकटा असलो की मला पुढचे आठवत नाही," मास्तर म्हणाले. कबुली द्यायला फार जड गेली, पण दिली.

ठमाबाईने जरा विचार केला. "मला बी आधीचं आठवत न्हाई," ती म्हणाली. "मग असं करा. तुम्ही तुमचं म्हणा. मी वाटंनं जाता जाता माझं म्हणते."

आणि तसेच झाले. मास्तर खालून पहिला अर्धा म्हणत, आणि वरून, आधी जवळून मग लांबून, ठमाबाईचा आवाज दुसरा अर्धा म्हणे. आवाज बारीक होत गेला. मास्तर कान देऊन ऐकत होते. एकदा वाटले, संपला. डोळे मिटून त्यांनी पुढचा प्रश्न म्हटला, उत्तराचा अर्धा म्हटला आणि थांबले.

उत्तर आले.

ते लांबून येत नव्हते. खाणीतच, अगदी भोवताली, सतरंजीवर मंडळी बसावी तसे लोक बसले होते आणि एका सुरात म्हणत होते. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत, त्यांना धीर झाला नाही. पण आवाज त्यांनी ओळखले. गेल्या साली वारलेल्या रिबकाबाईचा चिरका आवाज त्यात होता. पटकीत गेलेला शमुवेल दर शेवटच्या शब्दाला खोकत असे, तसा खोकला. आणि एक आवाज असा होता की तो त्यांना ओळखता आला नाही. तो सगळ्यांच्या किंचित मागे राही, सगळ्यात मागे पडणाऱ्यासाठी थांबल्यासारखा. मास्तर म्हणत गेले, ते सगळे पुरे करत गेले. एकशे बारा झाली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

काठावर पहारीचा आवाज झाला तेव्हा बाकीचे आवाज थांबले. सर्वांत पुढे देवदान त्रिभुवन होता. ढोलकीवाला देवदान, ज्याच्याशी मास्तर चार महिने बोलले नव्हते. त्याने पहार शिळेखाली घातली, खांदा दिला आणि म्हणाला, "मास्तर, दात दाबून धरा." पाय सुटला.

बाजेवर घालून मास्तरांना घरी आणले. हाडवैद्याने पाय बांधला आणि वाचेल म्हणाला. मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती ही की ठमाबाईला बोलावले. "उत्तरे फार वेळ म्हणत राहिलीस," ते म्हणाले. "वस्तीपर्यंत?"

ठमाबाई गोंधळली. "न्हाई हो. टेकाड चढल्यावर मी पळतच सुटले. पळताना बोलायला दम कुठला?"

रिबकाबाईचा चिरका आवाज मास्तरांच्या कानात पुन्हा घुमला. त्यांनी विचारले, "पण तू खाणीत आलीस कशाला?"

"महाराजांनी पाठवलं. भर दुपारी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, ठमाई, उत्तरं म्हणत खाणीच्या वाटंनं जा, परीक्षा घेणारा तिथं बसलाय."

दिवस मावळायला अवकाश होता. तेवढ्यात दारात पाळक भिंगारदिवेसाहेबांची बैलगाडी आली, आणि गाडीतून साहेबांच्या पाठोपाठ कृपादास महाराज उतरले. झालेली हकिकत ऐकून पाळकसाहेब म्हणाले, "दुपारी? दुपारी महाराज इथे कसे येतील? सकाळपासून ते बोरगव्हाणला माझ्याकडे आहेत. भर दुपारी माझ्या शेजारी जेवायला बसले होते. माझ्या हाताने वाढले मी."

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. महाराज म्हणाले, "साहेब म्हणतात ते खरे आहे. जेवताना ठमाईची आठवण झाली होती, एवढेच."

"मग पाणी कोण प्यायलं?" ठमाबाईने विचारले.

महाराजांचे डोळे भरून आले होते, आणि आपल्याप्रमाणे तेही कोड्यात पडले आहेत हे मास्तरांना स्पष्ट दिसले. धन्य ते महाराज, ज्यांनी आपल्या नावावर चमत्कार घेतला नाही!

देवदान मात्र जोरात होता. "आता तरी पटलं ना? बाप्तिस्मा नसलेली बाई, दीक्षा नसलेला साधू, आणि देवानं काम यांच्याकडून करून घेतलं. मंडळीचा काय संबंध?"

"आणि मी म्हणत काय होतो तिथे?" मास्तर बाजेवरून म्हणाले. "मंडळीची प्रश्नोत्तरे. ती नसती तर तिने मला हुडकलेच नसते." पण हे बोलता बोलता त्यांनाच दुसरी बाजू दिसली. ती प्रश्नोत्तरे आडवी घालूनच आपण या बाईला बारा वर्षे बाहेर ठेवली. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. त्या दिवशी विचारले ते रागाने विचारले होते. आज खरेच विचारतो. मंडळी माणसाला देवाकडे नेते की आड येते?"

महाराज बाजेच्या कडेला बसले. "मास्तर, त्या दिवशीही मी थट्टा केली नव्हती. तीस वर्षे हाच प्रश्न घेऊन हिंडतो आहे. देवळात बसलो की माझा जीव गुदमरतो. बाहेर झाडाखाली झोपलो की लोक एकत्र गातात ते कानात घुमत राहते आणि झोप येत नाही. कोणी विचारले तर दोन दिवशी दोन उत्तरे देतो, आणि दोन्ही मला खरी वाटतात." मग ते म्हणाले, "उद्या परीक्षा तुम्ही घेणार. काय करायचे ते तुम्हीच ठरवा."

मास्तर त्यांच्या पायांवर हात ठेवायला धडपडले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको. दगडात तुम्ही होता तेव्हा मी वरणभात खात होतो."

सणाची सकाळ झाली. मास्तरांना बाजेसकट उचलून देवळात आणले. पाळकसाहेबांनी प्रश्नोत्तरांचे पुस्तक हातात घेतले. ठमाबाई कोणाचे तरी पांढरे लुगडे नेसून उंबऱ्याबाहेर उभी होती. साऱ्या वस्तीला ठाऊक होते की ही पाचवी खेप आहे. देवदान चार महिन्यांनी आत आला होता आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता. महाराज कुठे बसतात इकडे पुष्कळांचे लक्ष होते. ते सरळ आत जाऊन लहान मुलांच्या घोळक्यात बसले आणि एक पोर त्यांच्या चिपळ्या ओढू लागले.

पाळकसाहेबांनी विचारले, "तुला कोणी निर्माण केले?"

ठमाबाईचे ओठ हलले, आवाज नाही. साहेबांनी पुन्हा विचारले. ठमाबाईने मान खाली घातली. आता झाडूकडे वळायचे, असे तिच्या चेहऱ्यावर दिसू लागले होते.

तेव्हा बाजेवरून मास्तर म्हणाले, "सर्वसमर्थ देवाने मला मातीतून घडवले."

"आणि माझ्यात आपला श्वास घातला," ठमाबाई म्हणाली. लख्ख म्हणाली.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "मास्तर, परीक्षा त्यांची आहे."

"साहेब, माझीही घ्या," मास्तर म्हणाले. "पंचाला अर्धेच येते, हे काल मला कळले. या ठमाबाई बारा वर्षे पायरीवर बसून मंडळीबरोबर उत्तरे म्हणत आल्या. मंडळीच्या वाट्याला जे अर्धे येते ते यांना सगळे येते. पहिले अर्धे आम्ही कोणाला म्हणू दिले होते कधी? आणि परीक्षेला मात्र पूर्ण मागत राहिलो. ही चूक माझी आहे."

पाळकसाहेबांनी नियमांची पाने उलटली. पुढची पाहिली, मागची पाहिली. शेवटी म्हणाले, "असे करावे, असे नियमात नाही. करू नये, असेही नाही." आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

एकशे बारा प्रश्न झाले. मास्तर बाजेवरून पहिला अर्धा म्हणत, ठमाबाई दाराशी दुसरा. विसाव्या प्रश्नाच्या सुमारास मंडळीतले एकदोघे तिच्याबरोबर म्हणू लागले आणि पन्नासाव्यापर्यंत सगळेच. कोपऱ्यात हाताची घडी सोडून देवदानही म्हणत होता. आपण परीक्षा घेतो आहोत की उपासना चालली आहे, याचा पाळकसाहेबांनाच उलगडा होईना. शेवटी त्यांनी पुस्तक मिटले आणि पाणी मागवले.

ठमाबाईचा बाप्तिस्मा झाला आणि ती ओल्या केसांनी आत येऊन बसली. बसायला जागा होती ती मास्तरांच्या बाजेला लागूनच. मग प्रभुभोजनाचे ताट निघाले. पाथरवाडीत ताटातला तुकडा कोणी आपल्या हाताने उचलत नसे. ज्याच्याकडे ताट येईल त्याने तो मोडून शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. एरवी मास्तर पहिले असत, पाळकसाहेबांच्या हातून घेणारे. आज बाज अगदी शेवटी होती. ताट रांगांमधून हातोहात सरकत ठमाबाईकडे आले. शेजारणीने तिच्या तळहातावर तुकडा ठेवला. बारा वर्षे पायरीवर बसलेली ती बाई तो तुकडा तोंडात घालून किती तरी वेळ डोळे मिटून बसली. मग तिने डोळे उघडले, ताटातली भाकर मोडली आणि मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी हात पुढे केला, पण तुकडा घेतला नाही. त्यांनी तिचे दगडाने घट्टे पडलेले दोन्ही हात धरले आणि त्यांवर आपले कपाळ टेकवले. प्रश्न अजून सुटला नव्हता, आणि तो सुटेल असेही त्यांना वाटत नव्हते. साऱ्या मंडळीसमोर पंच वाकलेला होता आणि त्याला उठावेसे वाटत नव्हते.

ठमाबाई कानात कुजबुजली, "मास्तर, उठा. लोक खोळंबलेत."

मास्तर बाजेवर सरळ झाले, आणि तिच्या हातची भाकर त्यांनी खाल्ली.